फोर-स्ट्रोकला लागलेली करणी

कोरपन्याच्या पुढे, कापसाची शेवटची वेचणी संपून उलंगवाडी झालेल्या वावरांत मातीचा ट्रॅक आखला होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवायला जागा नव्हती. धुरळा, भोंगे, भज्यांचा वास, आणि मधोमध वेगनाथ महाराजांचा मंडप. हे महाराज नव्या जमान्याचे. मूल होत नाही, नोकरी लागत नाही, असल्या जुन्या दुःखांत त्यांना रस नव्हता. ते आशीर्वादाने गाड्या पळवत.

"पिस्टन म्हणजे प्राण, पोरं हो. प्लग म्हणजे ज्योत. अन् ज्योत कोनाच्या हुकमानं पेटते?" असं ते माइकवर विचारत, आणि शेकडो पोरं त्यांच्याच नावाचा गजर करत.

शर्यत दोनच गाड्यांची होती. चार चाकं, मोटरसायकलसारखं हँडल. पोरं त्याला क्वाड म्हणतात. प्रफुलची टू-स्ट्रोक जुनी आणि हलकी, वेगासाठी सिलिंडर रुंद करून, सायलेन्सर बदलून घेतलेली. खुशालची फोर-स्ट्रोक जड, मोठ्या इंजिनाची, तिचाही कॅमशाफ्ट बदललेला. दोघं जिवाभावाचे मित्र. त्यांचा सराव खुशालची बहीण संघप्रिया रोज बांधावर बसून पाहायची. ती गावच्या शाळेत विज्ञान शिकवायची. दर वेळी तेच घडायचं. टू-स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्याला स्फोट होतो, फोर-स्ट्रोकमध्ये एक फेरा सोडून. त्यात प्रफुलची गाडी हलकी. ती किंचाळत सुटायची आणि पळसाच्या झाडापर्यंत पुढे राहायची. पळसानंतर सरळ पट्टा लांबला की खुशालच्या मोठ्या इंजिनाचा दम कामी यायचा आणि तो तिला मागे टाकायचा.

प्रफुलच्या दंडाला महाराजांचा ताईत होता. खुशालने तो घेतला नव्हता. महाराजांनी भरमंडपात सांगून टाकलं की ज्याला गुरू नाही त्याच्या गाडीला आज दम राहणार नाही. मग आयोजकांनी अट घातली, पूजा नाही तर शर्यत नाही. दोन्ही गाड्या कनातीआड गेल्या. आत महाराज एकटेच होते. गाड्या बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हँडलला लिंबू आणि बिब्बे लटकत होते.

झेंडा पडला. खुशालची गाडी नीट निघाली, पण त्याने पूर्ण रेस दिली तसा तिचा आवाज घोगरा झाला. प्रफुल पळसाच्या कितीतरी आधीच लांब निघून गेला. महाराजांचा शब्द खरा ठरला म्हणून माणसं नाचू लागली. खुशालने चिडून गाडी मातीच्या उंचवट्यावर घातली आणि ऐन टोकावर इंजिन गुदमरलं. पुढची चाकं खाली गेली, गाडी नाकावर आपटली, उलटली आणि त्याच्या मांडीवर पडली. हाड कातडी फाडून बाहेर आलं.

संघप्रियाने ओढणीने मांडी आवळून बांधली आणि भावाला आईसोबत जीपमध्ये घातलं. ती स्वतः चढणार तोच माइकवरून शब्द आला, "करणी."

गाडी उलटली तेव्हा महाराजांचा चेहरा पांढराफटक पडला होता. आता त्यांनी बोट रोखलं होतं ते अंजनाबाईवर. अंजनाबाई अंगणवाडीत मदतनीस होती, विधवा, एकटी राहणारी. पावसाळ्यात साप चावलेल्या एका पोरीला महाराजांच्या मठात नेत असताना अंजनाबाईने पोरीच्या आईबापांना अडवून दवाखान्यात पाठवलं होतं. पोरगी जगली. तेव्हापासून बायका मठात जाण्याआधी अंजनाबाईला विचारू लागल्या होत्या.

आधी एक चप्पल आली. मग कोणीतरी तिच्या केसांना धरून तिला फरफटत आणलं आणि मंडपाच्या खांबाला बांधलं. ज्यांच्या लेकरांना तिने खिचडी भरवली होती त्यांच्याच हातात वेळूच्या काठ्या होत्या. एक काठी तिच्या डाव्या डोळ्यावर बसली. रक्त पदरावर उतरलं. तिने एकदाच विचारलं, "मी काय केलं?" दुसऱ्या काठीने तेही बंद झालं.

संघप्रिया गर्दी फोडत आली आणि तिच्यावर पालथी पडली. पुढचा फटका तिच्या मनगटावर बसला, मनगट मोडलं. ती उठली नाही.

"खुशालसाठी मारून राह्यले ना? मी त्याची बहीन हाओ. मी सांगतो, थांबा."

हात थांबले. तेवढ्यात महाराज घाईने म्हणाले, "करणी गाडीत शिरली हाये. गाडी पेटवा. आत्ताच पेटवा." एकजण पेट्रोलचा कॅन घेऊन धावलासुद्धा.

संघप्रियाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आत्तापर्यंत करणी अंजनाबाईत होती. एकाएकी ती गाडीत कशी गेली, आणि गाडी जाळायची महाराजांना एवढी घाई काऊन?

"प्रफुल," ती म्हणाली, "पळसाच्या पुढं रोज कोन निघत होतं?"

"खुशाल," प्रफुल म्हणाला. तो रडत होता.

"मंग आज पळसाच्या अलीकडंच गाडी काऊन मेली? उभी कर तिले."

प्रफुलने कॅन लाथेने उडवला, गाडी सरळ केली आणि सुरू केली. कमी रेसवर ती छान चालली. पूर्ण रेस दिली की गुदमरली. पुन्हा कमी केली, पुन्हा चालली.

"भूत कमी रेसवर झोपते अन् जास्त रेसवर उठते काय?" संघप्रियाने लोकांना विचारलं. मोडका हात छातीशी धरून तिने दुसऱ्या हाताने सीट उचलली. खाली एअर फिल्टरचा डबा होता, त्याचं झाकण गायब. इंजिनाने जिथून हवा ओढायची त्या तोंडाशी ओलसर लाल चिंधी होती, मठात अंगारा बांधून देतात तसली. इंजिन हळू चालताना थोडी हवा पुरते. पूर्ण रेस दिली की ते जोराने हवा ओढतं, चिंधी तोंडावर चिकटते आणि श्वास कोंडतो. तिने चिंधी काढली, इंजिन गरजलं. परत ठेवली, मेलं. सगळ्यांसमोर तिने हे पुन्हा पुन्हा करून दाखवलं. मग प्रफुलने वाकलेल्या हँडलची ती गाडी पळसाच्या पुढे नेऊन आणली, आणि तिचा आवाज कुठेच पडला नाही. डब्याचं झाकण महाराजांच्या झोळीत निघालं.

काठ्या आता महाराजांकडे वळल्या. त्यांचे पुढचे दात गेले, कान फाटला. संघप्रिया पुन्हा मध्ये उभी राहिली. आधी बाईला सोडा, असं ती ओरडून सांगत होती; त्या गोंधळात अंजनाबाई अजून खांबालाच होती. शेवटी पोलीस पोहोचले. त्यांनी बाईला सोडवून दवाखान्यात पाठवलं, महाराजांना जादूटोणाविरोधी कायद्याखाली नेलं आणि काठ्या चालवणाऱ्यांनाही नेलं. महाराज पूर्वी नागपुरात एका गॅरेजमध्ये होते, हे चौकशीत कळलं. खुशाल नुसता हरावा एवढाच त्यांचा डाव होता. तो पडला तेव्हा ते घाबरले, आणि दोष टाकायला त्यांना कोणीतरी हवं होतं.

चंद्रपूरच्या दवाखान्यात खुशालच्या मांडीत सळई बसली. अंजनाबाईचा डोळा वाचला नाही. गावची माणसं फळं घेऊन आली. चुकलं बाई, म्हणाली. गाडीत चिंधी निघाली, तुझा काही दोष नव्हता.

अंजनाबाईने उरलेल्या डोळ्याने त्यांच्याकडे पाहिलं.

"अन् नसती निघाली तर?"

संघप्रिया तिच्या खाटेशी बसली होती. चिंधी शोधून काढल्याचा जो थोडासा अभिमान तिला वाटत होता, तो त्या प्रश्नाने गेला. अंजनाबाई निर्दोष होती ती चिंधी सापडली म्हणून नव्हे. करणी नावाची गोष्टच नसते, म्हणून ती आधीपासून निर्दोष होती. इंजिन बंद पडतं, ताप उतरत नाही, ढोर मरतं. कधी कारण सापडतं, कधी सापडत नाही. सापडलं नाही तर शोधत राहावं, जाणत्याला विचारावं, माहीत नाही असं म्हणावं. काठी उचलू नये.