फाटलेली माफी

मी सुई बोलतेय, दहीबाच्या टेपरेकॉर्डरच्या काचेमागची. अंगानं केसाएवढी. माझ्यामागे एक पट्टी आहे, बरीचशी पांढरी, उजवीकडचा शेवटचा तुकडा लाल. कुणी बोललं की मी हलते. पांढऱ्यात हलले तर आवाज नीट उतरतो. लालात जाऊन आपटले की तो फाटतो, आणि टेपवर फाटलेला आवाज कुणाच्या बापाला शिवता येत नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. दहीबाच्या नवऱ्यानं हे मशीन कुवेतहून आणलं, तेव्हापासूनचं आठवतं. आमच्या नुबियातल्या गावात बाप्ये उरलेतच किती? सगळे तिकडे कामाला. बायांना लिहिता येत नाही, म्हणून पत्राऐवजी कॅसेट जाते. ज्या त्या बाईनं दहीबाच्या ओसरीवर यायचं, माईकपुढं बसायचं आणि ओरडायचं. कुवेत लांब आहे ना!

"अगं ए, बहिरा झालाय का तो?" दहीबा खेकसते. "सुईकडे बघ. लालात गेली तर त्याला नुसती फर्रर्र ऐकू येईल. तसं घरातही तुझं तेवढंच ऐकू यायचं म्हणा त्याला!"

बाया हसतात नि हळू बोलतात. असा दहीबाचा दरारा. मला तिचा फार अभिमान होता.

मग फानाआजीनं बोलावलं. तिच्या मुलानं, साबरीनं, अलेक्झांड्रियाची परकी मुलगी बायको म्हणून केली, तेव्हापासून तिनं त्याचं नाव टाकलं होतं. त्याच्या कॅसेटी यायच्या, ती ऐकायची नाही. आता अंथरूण धरलं, तेव्हा निरोप आला, मशीन घेऊन ये. दहीबाच्या मागोमाग गावातल्या बाया खोलीत घुसल्या. असला तमाशा कोण सोडतंय!

"मी एकदाच बोलणार," आजी म्हणाली. आवाज इतका बारीक, की मी जागची हलले नाही. दहीबानं आवाज ओढायचं बटण वाढवलं, आणखी वाढवलं, माईक आजीच्या ओठांशी धरला. आता त्या कुजबुजीवरही मी छान डुलायला लागले. पण खोलीत आणखी कोण बसलंय आणि त्यांच्या गळ्यात काय आहे, याचा विचार दहीबानं केला नाही. मोठ्या आवाजाला पट्टीत वर जागाच ठेवली नाही.

"साबरी, बाळा," आजी म्हणाली, "मी तुला..."

झालं! पुढचा शब्द बायांनी आधीच ओळखला, आणि आनंद झाला की आमच्या बाया जीभ नाचवून लांब किलकारी मारतात, तिला झगारीत म्हणतात. एकीनं सुरू केली की घर दणाणतं. त्यातली पहिली झगारीत, अगदी माईकला लागून, खुद्द दहीबाची. मी लालात आपटले ती तिथंच पडून राहिले. खाली आजीचे ओठ हलत होते.

घरी येऊन दहीबानं कॅसेट लावली. "मी तुला," आणि पुढं फर्रर्र. पुन्हा लावली. पुन्हा फर्रर्र. मग ओढणी तोंडावर घेऊन ती भिंतीकडे वळून बसली. मला तर काचेआड तोंड लपवायलाही जागा नाही. जिला बोंब मारता येत नाही ती कसली राखणदार?

सकाळी ती एकटीच गेली. "आजी, काल आवाज फाटला. माझ्यामुळं. पुन्हा एकदा बोलता?"

"काल ओरडलीस ती माझ्यासाठी, की स्वतःसाठी?"

दहीबानं ओढणीनं माईक पुसायला घेतला.

"माफी मी काल दिली. ती तुम्ही बायांनी खाल्लीत. माझ्या पोटातून एकदा निघून गेलेलं पुन्हा कुठून आणू? आज नुसतं बोलावणं धाडते. लाव तुझं मशीन."

दहीबानं आधी आजीला खोकायला लावलं. तिच्या खोकल्यालाही मी लालाच्या अलीकडे राहीन, इतकं बटण उतरवलं.

"ये," आजी बोलली. "तिलाही आण. वाळल्या भेंडीचं कालवण येतं का तिला, बघते."

अक्षर न् अक्षर स्वच्छ उतरलं.

साबरी बायकोला घेऊन आला. आजीनं दोघांना जेवू घातलं, सुनेच्या हाताला मेंदी लावली. पण तो शब्द काही काढला नाही. आणि गेली.

तिला पुरून आल्यावर आज साबरी आमच्या ओसरीवर बसलाय. "दहीबामावशी, आईनं मला माफ केलं होतं का हो? तोंडानं म्हणालीच नाही कधी."

"म्हणाली होती." दहीबानं ती खराब कॅसेट लावली. "यात आहे. आम्ही झाकलं."

तो कान लावून ऐकतो, मागं घेतो, परत ऐकतो. दर वेळी मी लालात जाऊन आपटते आणि आईचा शब्द काही त्याच्या हाती देत नाही. मेल्याहून मेल्यासारखं होतं.

बायांनो, बटण लावताना बारीक आवाजापुरतं लावू नका. मोठ्यात मोठा आवाज कुणाचा निघणार ते आधी ओळखा, त्याला वर जागा ठेवा. माझ्याकडे बघा गं, पाया पडते.

"मावशी, यात तुमचा आवाज कोणता?" साबरी विचारतोय.

दहीबा मान वर करत नाही.

"सगळ्यात मोठा तो."