सातवी ब चा नववा नियम

“आता नववा वाचा, टीचर,” पहिल्या बाकावरचा भाग्येश म्हणाला.

दीपिका तांडेलने चिठ्ठी उलगडली आणि मोठ्याने वाचली. ‘डब्यात मासे आणायचे नाहीत. आणले तर वर्गाबाहेर बसून खायचे.’

“कोणाकोणाला मान्य?” तिने सवयीने विचारलं आणि मुलांनीही सवयीने डोळे मिटून डोकी बाकावर टेकली. सातवी ब चं मतदान असंच व्हायचं. डोळे मिटलेले आणि एक हात वर. शेजाऱ्याचं बघून कुणी मत देऊ नये म्हणून ही पद्धत दीपिकानेच बसवली होती. हात भराभर वर आले. मोजायची गरजच नव्हती. तिने फळ्यावर ‘मंजूर’ लिहिलं, घंटा झाली, आणि जिना उतरताना तिच्या लक्षात आलं की आपण काय लिहून आलो.

सामाजिक शास्त्राच्या तासाला वर्गाचे नियम मुलांनीच करायचे, ही तिची दर जूनची प्रथा. सातवीच्या नागरिकशास्त्राला संविधान असतं. ते नुसतं पाठ करण्यापेक्षा मुलांनी स्वतःचं एक करून बघावं, असं तिला वाटायचं. एरवी मुलं शहाण्यासारखे नियम करत. नकाशा छापून घेतला तरी त्यातली नावं स्वतः लिहायची. प्रकल्प दुकानातून तयार आणायचा नाही. उशिरा आलेल्याने कारण सांगायचं, खोटं सांगायचं नाही. शेवटचं कलम तेवढं तिचं स्वतःचं असे: वर्गातल्या एकाने जरी हरकत घेतली तरी त्या नियमावर पुन्हा चर्चा होईल. या कलमावर ती फार खूष होती. सहा वर्षांत ते वापरायची वेळ कुणावर आली नव्हती, आणि यालाच ती लोकशाही समजत होती.

वर्गात मासळीचा डबा आणणारी मुलगी एकच, समुद्रकाठच्या नवापूरची हेतल. बाकीची कारखान्यातल्या नाहीतर वीज प्रकल्पातल्या नोकरदारांची मुलं. रात्रभर बोईसरच्या कारखान्यांचा उग्र वास नाकात घेऊन ही मुलं गाढ झोपत, पण दुपारी सुक्या बोंबलाने त्यांना मळमळे. आणि दीपिकाही नवापूरचीच. तिचा बाप आयुष्यभर बोटीवर होता. शाळेत हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी तो विषय काढत नसे, कारण ती स्वतःच कधी काढत नसे.

ती मुख्याध्यापकांकडे गेली. पुंडलिक सरांनी नियम वाचले आणि त्यांचा चेहरा उजळला.

“अहो मॅडम, हा तर उत्तम आहे. पालक दोन वर्षं माझ्या मागे लागलेत. आपण सांगितलं असतं तर उद्या कुणीतरी पेपरात दिलं असतं. हा मुलांनी केलाय! शनिवारी पालकसभेत वाचू आणि सगळ्या शाळेला लावू.”

“सर, एका मुलीवर अन्याय होतोय.”

“तिने हरकत घेतली का?”

“अजून नाही.”

“मग तुम्ही का घेताय?” सर हसून म्हणाले. “तुमचं कलमच आहे ना? एकाची हरकत येऊ द्या, लगेच पुन्हा चर्चा. मी शब्द देतो.”

सर वाईट माणूस नव्हते, हीच तर पंचाईत होती. शिवाय दीपिकाची नेमणूक दर वर्षी नव्याने व्हायची आणि तिच्या कागदावर सही त्यांचीच असायची.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत मुलं गोल करून जेवत होती. हेतल खिडकीशी बसली होती. डबा दप्तरातच होता.

“जेवत नाहीस?”

“भूक नाहीये, टीचर.”

नियम झाल्यापासून आठवडाभर ती हेच उत्तर देत होती. मुलगी सुकली होती. चौथ्या तासाला ती बाकावर मान टाकून पडायची. दीपिका तिच्याजवळ बसली, आवाज खाली आणला, आणि शाळेत कधीच बोलली नव्हती ते गावचं बोलली.

“काय हाय गो डब्यात? आयनं बोंबील दिलाय? ऐक माजं. तू फकस्त हरकत घे. येकच हरकत लागते, मंग नियम परत चर्चेला येल. मी हाय ना तुज्यासंगती. घाबरतेस कनाला?”

हेतलने दचकून मागे बघितलं. मग अगदी स्वच्छ, पुस्तकातल्यासारख्या मराठीत म्हणाली, “टीचर, असं नका ना बोलू. कुणीतरी ऐकेल.”

दीपिकाला कानफटात बसल्यासारखं झालं. तरी ती चिवटपणे म्हणाली, “बरं. पण हरकत घेशील?”

“मी पण हात वर केला होता.”

“कशाला? डोळे तर सगळ्यांचे मिटलेले होते.”

“तुमचे उघडे होते ना,” हेतल म्हणाली. “माझा एकटीचा खाली दिसला असता.”

तिने बसवलेल्या पद्धतीत सगळ्यांपासून संरक्षण होतं, फक्त तिच्यापासून नव्हतं. हेतल मात्र आता थांबायला तयार नव्हती. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसती शंका होती.

“टीचर, वर्गातल्या कुणीही हरकत घेतली तर चालते ना? मग तुम्ही घ्या. तुम्ही पण नवापूरच्याच. पण तुमच्या डब्यात कधी मासे नसतात.”

घंटा झाली आणि दीपिका उठली. तिला स्वतःची इतकी चीड आली की पुढच्या तासाला तिने विनाकारण भाग्येशला उभं केलं. त्याने निमूटपणे उभं राहून घेतलं. बिचाऱ्याला वाटलं, नकाशात काहीतरी चुकलं असेल.

शनिवारी पालकसभा झाली. मुलं आपापल्या आईबापांशेजारी बसली होती. हेतलची आई बोईसरच्या बाजारातून मासळीची टोपली लवकर उरकून आली होती. नवं पातळ, केसांत अबोली, आणि साबणाचा घमघमाट. हात मात्र तिने पदराखाली घेतले होते. पुंडलिक सरांनी नियम वाचले. नवव्याला टाळ्या पडल्या.

“मुलांनी स्वतः, लोकशाही मार्गाने केलेला नियम आहे,” सर म्हणाले. “सोमवारपासून सर्व वर्गांना लागू करतो आहोत. कुणाची हरकत?”

त्यांनी सभेकडे बघितलं, मग दीपिकाकडेही बघितलं. बघायलाच हवं होतं असं नाही, पण माणूस शब्दाचा पक्का. दीपिकाचा हात मांडीवर होता. आता, आता, असं ती स्वतःला सांगत होती. आणि तिला ठाऊक होतं की तो हात उठणार नाही. पुढच्या जूनमध्ये पुन्हा नेमणुकीचा कागद यायचा होता, हे एक कारण झालं. दुसरं कारण त्याहून लाजिरवाणं होतं. एवढ्या लोकांसमोर उभं राहून ‘मी नवापूरची’ म्हणायची तिला लाज वाटत होती.

मागून एक हात वर आला. हेतलची आई उभी राहिली. हेतलने तिचा पदर ओढला, पण तोवर उशीर झाला होता. निदान ही तरी बोलेल, असं दीपिकाला वाटलं.

“माजी हरकत नाय,” बाई म्हणाली. “पोरांचा नियम हाय, बरा असल. पन आमची पोर डबा भरलेलाच घरी आनते. आता घरात पन मासली खात नाय. आमाला दुसरा काय करता येत नाय. तर डब्यात काय द्यावा, तेवडा कुनी सांगा.”

कुणीतरी फिस्सकन हसलं. सर गंभीरपणे म्हणाले, “चांगला प्रश्न आहे. वर्गशिक्षिका सांगतील.”

दीपिका उभी राहिली. हेतल तिच्याकडे टक लावून बघत होती. एक वाक्य, फक्त एक वाक्य बोलायचं होतं. बोंबील द्या म्हणायचं होतं.

“बटाट्याची भाजी द्या,” दीपिका म्हणाली. “आणि चपाती. तांदळाची भाकरी नको, मुलं बघतात.”

बाईने डॉक्टरने औषध सांगावं तसं ते नीट ऐकून घेतलं आणि मान डोलावली.

“थँक्यू म्हण,” हेतल आईला हळूच म्हणाली.

आई थँक्यू म्हणाली.