घरात बसून तोफा कोण वाजवतो

युद्ध सुरू झालं त्याच्या तिसऱ्या दिवशी त्याने गाणं लिहिलं आणि चौथ्या दिवसापासून तो स्वतःला बंडखोर समजायला लागला. गाणं असं होतं:

कोण वाजवतो, कोण वाजवतो,
घरात बसून तोफा कोण वाजवतो?
पोर कुणाचं मातीत जातं,
पडद्यावरती कोण गाजवतो?

पुढे आणखी चार कडवी. त्यांत बातम्या देणाऱ्यांना गिधाडं, जाहिरातवाल्यांना बोके आणि बघणाऱ्यांना मेंढरं म्हटलं होतं. "एवढी जनावरं कोंबल्यावर हे गाणं म्हणायचं की कोंडवाडा?" असं डॉक्टरांनी विचारलं होतं. डॉक्टर म्हणजे दातांचे. मंडळीत गिटार तेच वाजवायचे. "तुम्ही दात काढा, खोड्या काढू नका," असं उत्तर देऊन याने ती सूचना फेटाळून लावली होती.

मंडळी म्हणजे तरी तिघंच. गाणारी ताई, शाळेचे गणवेश शिवायचं तिचं दुकान होतं आणि तालमी तिथेच व्हायच्या, शटर अर्धं ओढून. गिटारवाले डॉक्टर. आणि हा, ज्याला दोघंही कवी म्हणायचे. डॉक्टर म्हणायचे तेव्हा त्यात थट्टा असायची, ते त्याला कळायचंही. पण थट्टा रोजची झाली की पदवी वाटायला लागते, तसं त्याचं झालं होतं.

आता एक गोष्ट, जी त्याने या दोघांना सांगितली नव्हती. तो बातम्यांच्या एका वाहिनीत नोकरीला आहे एवढं त्यांना ठाऊक होतं. "वायरिंग बघतो," असं त्याने सांगून ठेवलं होतं. वर, "शत्रूच्या गोटातला आपला माणूस समजा," अशी मल्लिनाथीही केली होती. खरं काम निराळं होतं. सीमेवरून येणारी चित्रं मुकी यायची. डोंगर, धूर, परत डोंगर. पहिल्याच दिवशी निर्माता म्हणाला, "मुकी लढाई कोण बघणार? आवाज घाल." सिनेमातला स्फोट उचलावा तर मालकांना नोटिशीची धास्ती. मग या गड्याने ऑफिसमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये वाळूने अर्धा भरलेला पिंप टेबलावरून लाकडी खोक्यावर ढकलला, आवाज टिपला आणि चौपट संथ केला. पहिले तीन फुसके निघाले. चौथ्या वेळी मागून छताचा पत्रा थरथरला, खर्रर्र, आणि याच्याच अंगावर काटा आला. त्या तुकड्याला त्याने 'धडाम चार' असं नाव दिलं. गेले एकोणीस दिवस लोक घरोघरी जी लढाई ऐकत होते, ती सगळी त्या एका पिंपाची होती.

आणि कोण वाजवतो, म्हणे! ओळ लिहिताना त्याच्या डोळ्यांपुढे निवेदक होता, मालक होता, मंत्री होता. आरसा तेवढा नव्हता. दिवसा पिंप ढकलायचा आणि संध्याकाळी पिंप ढकलणाऱ्यांच्या नावाने बोटं मोडायची. दोन्ही कामं तो मन लावून करायचा, हे मात्र कबूल केलं पाहिजे.

रविवारी वाचनालयाच्या सभागृहात कार्यक्रम होता. शुक्रवारच्या तालमीला ताईने पहिल्या दोन ओळी खणखणीत म्हटल्या. 'पोर कुणाचं'पाशी ती थांबली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथेच थांबली.

"सूर वर जातोय का?" डॉक्टर म्हणाले.

"सुराला काय धाड भरलीय!" ती शिवणयंत्रापुढच्या स्टुलावर बसली. "कवी, तू तिथे असतोस. एक विचारू?"

"विचार की."

"आमच्या धाकट्याचा फोन येऊन अकरा दिवस झाले." धाकटा म्हणजे तिचा भाऊ. सैन्यात होता, सीमेवर. "शेवटचा बोलला तेव्हा हसत होता. म्हणे, ताई, आमच्या चौकीला पत्र्याचं छप्पर आहे, वरून उंदीर गेला तरी अख्खी चौकी उठून बसते. बरं. सोमवारी मी तुमच्या बातम्या बघत होते. धडाम झालं आणि मागून पत्रा वाजला. नीट ऐकलं मी. पत्राच. पुढच्या बातमीत पुन्हा तेच. आसपास दुसरं पत्र्याचं काही नाही म्हणाला होता तो." ती बोटाला गुंडाळलेला दोरा सोडवत राहिली. "त्याच्या चौकीवरच पडतंय रे ते. रोज पडतंय."

डॉक्टरांनी गिटार भिंतीला टेकवून ठेवली.

"आईला बोलले नाही मी. तू फक्त एवढं काढ, की ते चित्र कुठलं आहे. आणि तिथे कुणी... म्हणजे, उरलंय का कुणी."

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मेंढरं, बोके, गिधाडं असा कळप सहज हाकणाऱ्या कवीला ते एक वाक्य हाकता आलं नाही.

"बघतो," तो म्हणाला.

घरी जाऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"मग खरं काय ते बोललास तिला?"

"नाही. योग्य शब्द शोधतोय."

"पिंप. हा शब्द आहे. यात शोधायचंय काय?"

"अगं, पण नोकरी..."

"नोकरी गेली तर दुसरी बघ. तुझ्या पिंपावर भाळून लग्न नव्हतं केलं मी." तिने त्याचाच शर्ट त्याच्या मांडीवर टाकला. "लोकांना मेंढरं म्हणायला बरी जीभ चालते रे तुझी."

शनिवारी दुपारी तो दुकानात गेला. ताई एका निळ्या स्कर्टला पट्टी मारत होती.

"ताई, तो स्फोट खोटा आहे. मी केलाय. पिंपाने."

शिवणयंत्र चालूच राहिलं. "चांगला आहेस रे तू," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"धीर द्यायला आलास ना? पण इतकं बावळट काहीतरी रचू नकोस. पिंप म्हणे!"

"शप्पथ. वाळूचा पिंप. खोक्यावर पाडला."

"वायरिंगवाला तू. तुला कोण पिंप पाडायला सांगतंय?"

"मी वायरिंगवाला नाही."

यंत्र थांबलं. त्याने मग पहिल्यापासून सगळं सांगितलं. पण त्याला सवय होती टाळीच्या वाक्यांची. साधं खरं बोलताना तो अडखळत होता, मागे जात होता, पुढचं आधी सांगत होता. आजवर रचलेल्या खोट्यात त्याची कधी एक मात्रा चुकली नव्हती. आणि आज आयुष्यातली पहिली सरळ हकीकत सांगतोय तर समोरचीला ती थाप वाटत होती.

"दाखव," ताई म्हणाली.

"आत्ता?"

"मग काय तिथीवार बघून?" तिने गळ्यातली मापाची टेप काढली आणि शटर ओढलं.

शनिवार असल्याने ऑफिस अर्धं रिकामं होतं. खाली वॉचमनच्या वहीत त्याने तिची नोंद 'नातेवाईक' अशी केली आणि तिला मागच्या शेडमध्ये नेलं. खोकं होतं तिथेच होतं. त्याने पिंप टेबलावर चढवला आणि ढकलला. धप्प.

"हे?"

"संथ केलं की होतं."

त्याने मोबाइलवर तेच टिपून, संथ करून ऐकवलं. ताईचा चेहरा पडला. तिने त्याला पिंप पुन्हा चढवायला लावला आणि या वेळी स्वतः ढकलला. मग आणखी एकदा. मान वर करून ती पत्र्याचं थरथरणं बघत राहिली. मग वळली आणि त्याच्या थोबाडीत दिली.

"पाच दिवस," ती म्हणाली. "पाच दिवस मी त्या पत्र्याखाली जाऊन बसलेय रे. आणि तू माझ्याच दुकानात मांडीवर ताल धरत होतास."

"चुकलं ताई."

"ते गाणं आता तूच म्हण. तुझंच आहे ते, शब्दन् शब्द." ती खोक्यावर टेकली. थोड्या वेळाने तिने विचारलं, "म्हणजे तो सुखरूप आहे?"

"ते मला नाही माहीत."

"मग कुणाला माहीत आहे?"

"इथे? कुणालाच नाही."

ती हसली, पण ते हसणं ऐकवत नव्हतं. "आवाज होता तोवर निदान काहीतरी कळतंय असं वाटत होतं." ती उठली. "ते चित्र दाखव मला. तुझ्या पिंपाशिवाय. सगळं."

लिफ्ट बंद होती. तिसऱ्या मजल्यावर त्याची खोली. खिडकी नाही, भिंतींना आवाज शोषणारा फोम चिकटवलेला, दोन खुर्च्या. मूळ चित्र अकरा मिनिटांचं होतं. दाखवला जायचा त्यातला सुरुवातीचा चार सेकंदांचा धूर. तो धूर विरला आणि मागे राहिलेलं सगळं सुरू झालं. माणसं पाण्याची डबडी वाहत होती. एक जण मोजे पिळत होता. एकाने कॅमेऱ्याकडे बघून भली मोठी जांभई दिली. ताईने खुर्ची पडद्याला चिकटवली. चेहरा आला की ती बोट वर करायची, हा चित्र थांबवायचा, ती मान हलवायची, हा पुढे न्यायचा.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. निर्माता. "सहाच्या बातम्यांना धूर लागेल. धडाम घालून पाठव. सात मिनिटं आहेत."

हे त्याने दोनशे वेळा केलं असेल, झोपेतही केलं असतं. पण आवाज घालायचा म्हणजे तो एकदा या खोलीत वाजवायचा, तिच्या कानाशी. गाल अजून गरम होता. त्याने धूर तसाच पाठवून दिला. पुढेमागे ही हकीकत सांगताना तो याला निर्धार म्हणणार हे नक्की, म्हणून इथेच नोंदवलेलं बरं: ती लाज होती, आणि तीही निम्मी थोबाडीची.

सहा वाजता डोंगरावर धूर उठला आणि काहीही ऐकू आलं नाही. कवी कान टवकारून बसला. चार सेकंदांची शांतता ऐकून आता लोकांचे डोळे उघडतील, गल्लीबोळांतून माणसं बाहेर येतील, असं काहीबाही त्याला वाटत होतं. लोकांनी फोन केले. खालच्या मजल्यावर ओळीने फोन वाजत होते आणि तक्रार एकच होती: आमचा टीव्ही बिघडलाय. एका गृहस्थांनी टीव्हीला दोन चापट्या मारल्या होत्या आणि टीव्ही आता जमिनीवर होता. एका आजोबांचं म्हणणं पडलं की शत्रूने आपला आवाज पळवला.

निर्माता धापा टाकत वर आला. हातात कोरा कागद होता.

"मशीन गेलं ना? मला वाटलंच. हे घे, लिही, यंत्रातला बिघाड. खाली सही कर, मी वर पाठवतो आणि विषय संपवतो. या बाई कोण?"

कवीची मान आपोआप होकारार्थी हलली. बंडखोराची मान होती, पण पगारावर पोसलेली. हात पेनाकडे गेलाही.

"कवी," ताई मागे न बघता म्हणाली, "हे अडकलं. बिघडलं का मशीन?"

"नाही ताई, मशीन ठीक आहे. मीच थांबवलंय."

बोलून गेल्यावर त्याला कळलं की खोलीत दोघं ऐकणारे होते.

"काय म्हणालास?" निर्माता म्हणाला.

"मशीन ठीक आहे साहेब. त्या चित्राला आवाज नव्हताच. मी घालत होतो. आज नाही घातला."

"हे तू मला सांगतोयस? घाल म्हणून मीच सांगितलं ना तुला! अरे शहाण्या, मी तुला वाचवायला कागद घेऊन आलोय."

कवीने कागद ओढून लिहिलं: 'यंत्र ठीक होतं. स्फोटाचा आवाज मी पिंप पाडून केलेला होता. आज तो दिला नाही.' खाली सही केली. ती दुसऱ्याच कुणाचीतरी वाटत होती.

निर्मात्याने वाचलं. तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्याला कीव आली.

"तुला वाटतंय काय, काय होणार याने? सातला तुझ्या जागी दुसरा बसेल. तुझं धडाम सात ठिकाणी साठवलेलं आहे."

ते खरं होतं. हरवू नये म्हणून सात ठिकाणी कवीनेच साठवलं होतं, जबाबदार कर्मचाऱ्यासारखं.

"वॉचमनला वर पाठवतो," निर्माता दारातून म्हणाला. "तीन मजले चढून येईपर्यंत तुझं सामान आवर."

सामान म्हणजे डबा आणि हेडफोन. ते त्याने तसंच राहू दिलं आणि ताईशेजारी खुर्ची ओढून बसला.

"तुझं गेलं का रे काम?" तिने विचारलं. नजर पडद्यावरच होती.

"गेलं."

"हं." तिने बोट हलवलं. "हा नाही. पुढे."

त्याने चित्र पुढे नेलं.

"हाही नाही. पुढे. थांब, थांब."

एक जवान पाठमोरा बसून बुटाची नाडी बांधत होता. खांदे जरा उतरते, मानेवरचे केस बारीक कापलेले. ताई इतकी पुढे वाकली की तिचा श्वास काचेवर उमटला. खालच्या जिन्यावर जड बुटांचा आवाज यायला लागला होता.

"वळतो का हा?"

"माहीत नाही," कवी म्हणाला. "इथपर्यंत मी कधी बघितलंच नव्हतं."

"मग आता बघ," ती म्हणाली, आणि त्याने चित्र सोडलं.