टेकडीवरचा व्रण

"माझ्या टेकडीवरची चकती कुठली गं?" सासऱ्यांनी विचारलं.

तिचा घासायचा हात थांबला. जंगलातल्या नुकत्याच तोडलेल्या झाडांच्या चकत्या घासून गुळगुळीत करायच्या, भिंगाखाली वलयं मोजायची आणि जुन्या वणव्यांचे व्रण शोधायचे, हे प्रयोगशाळेतलं तिचं काम. सासरे त्याच जंगलाचे निवृत्त रखवालदार. 'माझ्या हद्दीत कधी वणवा लागला नाही,' हे त्यांचं वाक्य घरात सगळ्यांना पाठ होतं. आज ते हट्टानं तिचं काम बघायला आले होते.

"ती अजून घासायचीय, बाबा."

"ताई, कालच तर झाली की!" शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला. त्यानं कपाटामागून, गोणपाटाखालून चकती काढून दिली. "हे बघा काका, इथं खोड भाजलंय. मग झाडानं दोन्ही बाजूंनी जखम मिटवत आणली. बाहेरून आत वलयं मोजत आलं की वर्ष कळतं."

"कुठलं वर्ष?"

त्यानं सांगितलं आणि तो आपल्या कामाला लागला. तिच्या नवऱ्याच्या जन्माचं वर्ष होतं ते.

सासरे खुर्चीवर टेकले.

"तुझ्या सासूचे दिवस भरले होते. रजा मिळेना. कुणाला न सांगता घरी आलो. परत जाऊन बघतो तर सगळा उतार काळा. तिकडं फिरकतंय कोण, म्हणून वर कळवलंच नाही. त्याच वर्षी वणवा लागू दिला नाही म्हणून माझा सत्कार झाला."

त्यांनी चकतीवरच्या काळ्या व्रणावर बोट ठेवलं.

"तुला कालच कळलं होतं ना?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"म्हणजे माझ्यापायी तूही खोटं बोललीस."

तिचे कान तापले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. भिंतीवरच्या तक्त्यात दर वणव्याची एक लाल रेघ होती. ते वर्ष तिनं मुद्दाम कोरं सोडलं होतं.

सासरे उठून तक्त्यापाशी गेले. "इथंच मारतात का रेघ?"

"हो."

तिनं लाल पेन उचललं. सासऱ्यांनी टेबलावरची पट्टी घेतली, त्या वर्षावर सरळ लावली आणि दोन्ही हातांनी दाबून धरली.

"हं, मार," ते म्हणाले.