केरबाचा अंगठा

केरबाला आपल्या अंगठ्याचा भारी गर्व. कागल पंचतारांकित एमआयडीसीत विजयसिंहांच्या कारखान्यात बावीस वर्षं फिटर म्हणून काढली, पण कडेला राहिलेलं धातूचं कुसळ, कामगार ज्याला बर म्हणतात ते, शोधायला त्यानं कधी भिंग घेतलं नाही. अंगठा फिरवला की काम झालं. आता या वयात त्याच अंगठ्यावर हातमोजा चढवायची पाळी आली, म्हणजे काय म्हणावं!

काम होतंच तसं नाजूक. बेंगळुरूची एक कंपनी अंतराळात औषधाचे स्फटिक वाढवणार होती, आणि त्यासाठी मुठीएवढ्या दोन डब्या इथं करायच्या होत्या. एक वर जायची, एक राखीव. विजयसिंहांनी त्यासाठी काचेची बंद खोली बांधली आणि सगळ्यांदेखत बजावलं, "आत कुणी मोजा काढला की तो खोलीबाहेर. मग माझा सख्खा भाऊ असला तरी!" आत काम करायला केरबाला निवडलं, तेव्हा त्यानं मुरगूडला गावभर सांगितलं, आपल्या हातची डबी आभाळात जाणार.

धुतलेली पहिली डबी पिशवीत बंद करताना मात्र त्याचं मन मानेना. मोज्यातून काही म्हणता काही कळत नव्हतं. कुणी बघत नाही असं पाहून त्यानं मोजा काढला आणि आतल्या कडेवरून अंगठा फिरवला. लागलं की! केसाएवढी बर. ती त्यानं अलगद खरवडून टिपली, मोजा घातला, पिशवी बंद केली आणि खुशीत घरी गेला.

दुसऱ्या दिवशी कंपनीची इंजिनिअर भैरवी डब्या न्यायला आली. पोरगी साधी, विचारलं की समजावून सांगणारी.

"काका, इथं पाण्यात कण पडला तर तळाला बसतो. वर वजनच जाणवत नाही. कण मधेच तरंगतो आणि स्फटिक त्याच्यावरच धरतो. हाताचं तेलसुद्धा चालत नाही. सगळी मेहनत वाया."

केरबानं त्या बंद पिशवीकडं पाहिलं. गप्प राहिलं तर कुणाला कळणार होतं? तपासणीच्या कागदावर सही झाली होती, गाडी दारात उभी होती. झाकली मूठ सव्वा लाखाची. बोललं तर खोली गेली, आणि गावात तोंड काय दाखवायचं? पण आपल्या हातची डबी वर जाऊन नासावी, हे त्याला सोसेना.

"म्याडम, थांबा," तो म्हणाला. "ती डबी उष्टी झालीया. माझा अंगठा लागलाय आत."

विजयसिंह लालबुंद झाले. "केस पिकलं तरी अक्कल आली न्हाय व्हय रं तुला?"

"चूक माझी हाय, मालक. पण बर हुती, म्हणून काढली. दुसरीतबी असणार. एकाच हत्यारानं कापल्यात दोन्ही."

भैरवीनं खोलीत जाऊन राखीव डबी भिंगाखाली धरली. काही दिसेना. "आणखी आत, डाव्या कोपऱ्यात," केरबा काचेबाहेरून म्हणाला. तिथंच होती बर. भैरवीनं फोन करून दोन दिवस मागून घेतले, आणि ती बर काढून दोन्ही डब्या पुन्हा धुवायला गेल्या.

विजयसिंहांनी शब्द पाळला. केरबा पंप बनवायच्या जुन्या शेडमध्ये गेला. त्याला वाईट वाटलं, फार वाईट. तीन महिन्यांनी डबी वर गेली तेव्हा काचेच्या खोलीपाशी पेढे वाटले. त्याच्या वाट्याचा पेढा कुणीतरी शेडमध्ये आणून दिला. तो त्यानं खाल्ला आणि कामाला लागला.

मग बारा डब्यांची नवी ऑर्डर आली. भैरवीनं पाठवलेल्या कागदावर यावेळी एक ओळ जास्त होती: धुण्याआधी आतल्या कडा उघड्या हातानं तपासाव्यात. विजयसिंह स्वतः ट्रे घेऊन शेडमध्ये आले आणि केरबापुढं ठेवून म्हणाले, "अंगठा हाय न्हवं जाग्यावर?"

"हाय की."

डब्या नंतर धुतल्या जाणारच होत्या. तरी केरबा उठला, नळावर गेला आणि साबण लावून कोपरापर्यंत हात धुऊन आला.