तापलेला विळा

"मॅडम, लोकं फॉर्मवर बिनधास्त खोटं सांगत्यात, मग तुमचं रिसर्चबी खोटंच की!"

हे मॅडमना विचारून दाखव, वडापाव देते, अशी माझ्या बाकावरच्या अनुपमानं माझ्याशी पैज लावली होती. आख्खा वर्ग फिदीफिदी हसला. साप चावलेल्यांकडून फॉर्म भरून घेऊन सर्पदंशाच्या औषधांचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टरमॅडम शिरूरहून आमच्या कवठ्याच्या शाळेत आल्या होत्या. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बरोबर आहे. एकजण खोटं बोलला, की पुढच्या माणसाचा उपचार चुकू शकतो."

मी वडापाव खाल्ला आणि विसरून गेले.

नवव्या दिवशी, भर दुपारी, घास कापताना माझ्या थोरल्या बहिणीच्या, सोनमताईच्या घोट्याला घोणस चावली. चुलत्यानं, ज्ञानूतात्यानं फावड्यानं सापाचा चेंदामेंदा केला, तरी मारतच राहिला. आई गाडीसाठी ओरडत होती.

"गाडी येईस्तोवर इख चढंल," आमचे वडील, आबा म्हणाले. "विळा तापवा."

आमची वाडवडिलं मेंढरांमागं फिरलेली. मेंढरू सुजलं की तापल्या लोखंडानं डागायचं. जगलेल्याची गोष्ट घरात सांगतात, मेलेल्यांची कुणी सांगत नाही. आता दारात चारच मेंढरं हायत, पण आबांचा हात काही विसरला नाही.

तात्या ताईच्या छातीवर बसला. आईनं रडत रडत तिचं डोकं धरलं. मी तात्याच्या दंडाला कडकडून चावले. त्यानं असा हात हाणला की मी दावणीच्या दगडावर तोंडावर आपटले, पुढचा दात निम्मा तुटला. तेवढ्यात आबांनी विळा घोट्यावर टेकवला, चर्रर्र झालं. जत्रेत बोकडाचं मुंडकं भाजताना येतो, अगदी तसाच वास. ताई किंचाळली, आणि मग तिची मान एका बाजूला कलली. 

शिरूरच्या दवाखान्यात नेमक्या त्याच मॅडम. इंजेक्शनं सुरू झाली. ताईच्या हिरड्यांतून रक्त येत होतं, तिला शुद्ध नव्हती. हातात फॉर्म धरून मॅडमनी विचारलं, "घोट्यावर काळं कशानं पडलंय? कापलं, भाजलं काही?"

"न्हाई जी. इखानंच पडलं," आबा म्हणाले.

"इतक्या लवकर? मग आतलं मांस सडायला लागलं असेल. सर्जनना बोलवते, कापून काढावं लागेल."

ताई पोलीस भरतीला पळते. मैदानी परीक्षेला वीस दिवस राहिलेत. मी तोंड उघडणार तोच आईनं दंडाला चिमटा काढला आणि मला बाहेर ओढलं. मागून आबा आले.

"डागल्यालं कळलं तर पोलीस केस होईल. एक शबूद बोललीस तर दुसरा दातबी पाडीन."

"अगं, बापाला जेलात घालती का?" आई म्हणाली.

"मग तिचा पाय कापू द्यायचा?"

 कॉरिडॉरच्या टोकाला सर्जन हातमोजे चढवत येताना दिसले. माझ्या तोंडात अजून रक्ताची चव होती. ते रक्त मी आबांच्या चपलेपाशी थुंकले.

"पाडा दात. मी आत चाललीय. विळा सांगणार, तुमचं नाव सांगणार, तात्याचं सांगणार. आन् आई, तू डोकं धरलं व्हतंस, ते पण फॉर्मवर लिहायला लावणार."