ह्रोवातिनचा आलेख

निवृत्त होणाऱ्या माणसाच्या केकवर त्याचा आवडता आलेख काढायचा, ही स्लोव्हेनियाच्या किनाऱ्यावरच्या त्या गणित संस्थेतली रीतच होती. ठिपक्यांच्या जागी चेरी, रेघांच्या जागी चॉकलेट. प्रोफेसर विन्को ह्रोवातिन यांच्या केकवर काय काढायचं, हे कुणाला विचारायची गरज नव्हती. जगात ‘ह्रोवातिनचा आलेख’ म्हणून एक आलेख होता, आणि उभ्या आयुष्यात प्रोफेसरांच्या नावावर तेवढाच होता.

आलेख म्हणजे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. ही मंडळी मोजायची ते कूळ मात्र भलतंच सोवळं. प्रत्येक ठिपक्याला तीनच रेघा, आणि कुठल्याही ठिपक्यावर जाऊन बसा, आजूबाजूचं जग तंतोतंत तसंच दिसलं पाहिजे. आणखीही अटी होत्या, पण त्या सांगत बसलो तर केक वितळेल. या कुळात एकूण सतरा आलेख आहेत, असं सगळे वर्षानुवर्षं मानून चालले होते. त्यातला एक ह्रोवातिन यांचा आणि एक खाडीपलीकडच्या, इटलीतल्या त्रिएस्तेच्या सिल्वानो बेनुस्सीचा. दोघांतून विस्तव जात नसे. बेनुस्सीच्या आलेखाला ह्रोवातिन भर परिषदेत ‘चिरडलेला कोळी’ म्हणत. बेनुस्सी त्यांच्या ताऱ्यासारख्या आलेखाला ‘जत्रेतलं भिरभिरं’ म्हणे.

उर्श्का ही प्रोफेसरांची शेवटची विद्यार्थिनी. हेच कूळ संगणकावर पुन्हा मोजायचं, हा तिचा प्रबंध. पण वसंतापासून संगणक सोळाच म्हणत होता. तिनं प्रोग्रॅमला शिव्या घातल्या, तो नव्यानं लिहिला, तरी सोळाच. कुठले दोन आलेख एकच निघाले, तेही त्यानं निर्लज्जपणे सांगितलं. प्रबंधावर सही प्रोफेसरांची लागणार, आणि सांगायचं तेही त्यांनाच! ‘समारंभ होऊन जाऊ दे, मग सांगू,’ असं म्हणत तिनं दिवस ढकलले.

तिथंच ती फसली. केकवाल्याला चित्र पाठवायचं म्हणून तिनं प्रोग्रॅमकडे ‘ह्रोवातिन’ मागितला आणि आलेलं चित्र न बघताच धाडून दिलं. प्रोग्रॅमनं ते दोन आलेख कधीच एक करून टाकले होते, आणि चित्र ठेवलं होतं आधी छापलेल्याचं.

केकचं झाकण उघडलं आणि प्रोफेसरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“कोळी! माझ्या केकवर बेनुस्सीचा कोळी? कुणी केला हा चावटपणा?”

बेनुस्सीला आमंत्रण होतंच. वैरी नसला तर निरोप समारंभाला चव कसली? तो खुशीत म्हणाला, “विन्को, उशिरा का होईना, तुला अक्कल आली म्हणायची!”

उर्श्काची पाचावर धारण बसली. “सर, मीच पाठवलं ते चित्र. पण... हा तुमचाच आलेख आहे.”

“अगं, डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?”

“दोन्ही एकच आहेत, सर. नुसते काढलेत वेगळे, कोण कुणाला जोडलंय ते सारखंच. सतरा नाहीत, सोळाच आहेत.”



“दाखव,” प्रोफेसर म्हणाले.

तिनं ऑलिव्ह टोचायच्या काड्यांना चिठ्ठ्या लावल्या आणि चेरी-चेरीवर एकेक नंबर रोवला. मग फळ्यावर प्रोफेसरांचा तारा काढून त्याच्या ठिपक्यांना तेच नंबर दिले. प्रोफेसर केकवर वाकले. “एकाला जोडलेत दोन, सहा, अकरा.” मग फळ्याकडे वळले. “एकाला... दोन, सहा, अकरा.” राहवेना म्हणून बेनुस्सीही वाकला आणि दोघांची डोकी आपटली. रेघेमागून रेघ जुळत गेली. प्रोफेसरांच्या नाकाला मलई लागली, ती पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

शेवटची रेघही जुळली. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही तर जगाची रीतच. पण बाब्या आणि कार्टं एकच निघावं, आणि दोन्ही बापांनी जन्मभर त्याला चारचौघांत नावं ठेवलेली असावीत, हे जरा अतीच झालं.

बेनुस्सीचा लेख दोन वर्षं आधीचा. म्हणजे नाव राहणार त्याचं. प्रोफेसर खुर्चीत बसले ते एकदम म्हातारे दिसायला लागले. उर्श्काला रडू आवरेना.

“सर, सतराच ठेवू का? इतकी वर्षं कुणी कुठं तपासलं...”

“सोळाला सतरा म्हणशील?” प्रोफेसर उसळले. “मग माझी सही विसर! सोळा म्हणजे सोळा. माझं नाव खोडून टाक.”

त्यांनी सुरी उचलली, केक कापला आणि पहिला तुकडा बेनुस्सीपुढे धरला. “घे. तुझा आहे.”

हाच दिवस बघायला बेनुस्सी इतकी वर्षं तडफडत होता. आता घास त्याच्या घशाखाली उतरेना. तो फळ्यावरच्या ताऱ्याकडे बघत राहिला.

“विन्को,” तो म्हणाला, “माझ्या कोळ्यातले सगळे ठिपके सारखे आहेत, हे सिद्ध करायला मला चार पानं लागली होती. तुझ्या ताऱ्यात ते शेंबड्या पोरालाही दिसतं.”

प्रोफेसरांनी रुमाल काढून नाक पुसलं, मग डोळेही पुसले.

“उर्श्का, लिहून घे,” ते म्हणाले. “प्रबंधात नाव याचं घाल आणि चित्र माझं.”

“मला चालेल,” बेनुस्सी म्हणाला, आणि मग कुठं त्यानं तो घास गिळला.